आखाजीआधीचं पाणी

निरगुडा धरणाच्या वीजघरात एकच मशीन होतं, आणि पुंजाराम मेहरेचा जितका जीव त्या मशीनवर होता तितका पोटच्या पोरीवरही नसेल, असं चिंचझरीतले लोक म्हणायचे. तेही त्याच्या कानावर पडेल अशा बेतानं म्हणायचे. पुंजारामला राग येत नसे. तो मिशीतल्या मिशीत हसायचा. लेक मूर्तिजापूरला दिली होती, तिचं बरं चाललं होतं. मशीनला मात्र आपल्याशिवाय कोण आहे, असं त्याला खरंच वाटायचं.

या मशीनची जन्मकथा सांगायची तर आधी धरणाची सांगावी लागते, आणि धरणाची कथा म्हणजे मारुतीचं शेपूट. मेळघाटच्या डोंगरातून उतरणाऱ्या निरगुडा नदीवर नारळ फुटला तेव्हा पुंजाराम शाळेत होता. भिंत पुरी झाली तोवर त्याचं लग्न होऊन गेलं होतं. मधल्या काळात सरकारं आली नि गेली, ठेकेदार बदलले, आणि सिमेंटच्या गोण्या कुठे गेल्या ते ज्यांचे बंगले झाले त्यांनाच ठाऊक. अखेर एका पावसाळ्यात पाणी अडलं आणि नदीकाठची जुनी चिंचझरी त्याखाली गेली. लोकांनी दारं-खिडक्या, आढी-वासे, मारुती आणि मरीमाय बैलगाड्यांवर घातली आणि भिंतीच्या खाली, माळावर नवी चिंचझरी बसवली. तिथं मुरूम होता. काळ्या मातीत मेथी-वांगी पिकवणाऱ्या माळ्यांना मुरुमात काय पिकवावं ते बरीच वर्षं समजलं नाही.

वीजघर त्यानंतर आलं. मशीन भोपाळहून भल्या मोठ्या ट्रकवर आलं, तेव्हा गावच्या बायकांनी ट्रकच्या चाकांवर पाणी घातलं आणि ड्रायव्हरला कुंकू लावलं. वीज तयार झाली ती तारांवरून थेट अकोटकडे गेली. नव्या चिंचझरीत आणखी वर्ष-दीड वर्ष रॉकेलच्या चिमण्याच जळत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. कालव्याखालचे संत्र्यावाले तर वेगळीच तक्रार घेऊन आले. मशीननं पाण्यातली वीज काढून घेतली, आता त्या पाण्यात जोर राहिला नाही, म्हणून फळ गळून राहिलं, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी त्यांना मशीन दाखवलं, चहा पाजला. चहा पिऊन ते गेले, पण मत काही बदललं नाही.

बुडीत गावातला म्हणून पुंजारामला वीजघरात नोकरी लागली. आधी झाडलोट, मग तेलपाणी, मग ऑपरेटर. मशीन सुरू करण्याआधी भोंगा वाजवायचा, म्हणजे कालव्यात म्हशी असतील तर लोक बाहेर काढतील. भोंग्यावर पुंजारामचा हात पडला की तो जरा जास्तच वेळ वाजायचा. त्याची बायको मैनाबाई म्हणायची, "म्हशी त कवाच्याच निघाल्या. आता कोनाले काढता?"

मैनाबाईला मशीनशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला पाणी कधी उतरतं याच्याशी होतं. उन्हाळ्यात धरण रितं होत गेलं की बुडालेली जमीन हळूहळू उघडी पडते. त्या ओल्या गाळात लोक टरबुजं, काकड्या, डांगरं लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. मैनाबाई दरवर्षी स्वतःच्याच बुडालेल्या मळ्यात गाळपेर करायची. पण तेवढ्यासाठीच ती पाण्याकडे डोळे लावून बसत नव्हती. तिला आखाजी गाठायची असायची.

अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या आखाजीला, घरोघरी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, पुरणपोळी आणि चिंचवणीचं पान वाढतात. चिंचझरीचे लोक ही घागर नव्या घरात भरत नसत. भिंती विरघळून गेल्या होत्या, पण जुन्या घरांची दगडी जोती गाळाखाली शाबूत होती. आखाजीच्या सकाळी सगळं गाव डोक्यावर घागरी घेऊन धरणाच्या पोटात उतरायचं. जो तो आपापलं जोतं झाडूनपुसून त्यावर घागर ठेवायचा. मेलेल्या माणसांना नव्या गावाचा पत्ता माहीत नाही, ते जुन्याच घरी येणार, असा त्यामागचा साधा हिशोब होता. त्यासाठी पाणी आखाजीच्या आधी उतरायला हवं. म्हणून शेतीला द्यायच्या कालव्याच्या पाण्याची उन्हाळी पाळी रामनवमीनंतर सोडायची आणि आखाजीच्या आत संपवायची, असा पायंडा पडला होता. तो कुठल्या नियमात नव्हता. नवा साहेब आला की पुंजाराम त्याच्या कानावर घालायचा आणि साहेब मान डोलवायचा. पाळीचं पाणी मशीनवरून जायचं, वीज व्हायची, संत्र्याला ओल मिळायची आणि गाव उघडं पडायचं. पाणी इतकं खाली गेलं की मग मशीनलाही ते पुरत नसे. ते पावसाळ्यापर्यंत झोपायचं.

मैनाबाई जोत्यावर घागर ठेवायची, सासूसासऱ्यांच्या नावानं. मग एक लहान लोटी घेऊन मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जायची. धुऱ्यावर बाभळीचं काळं पडलेलं खोड होतं. त्या खोडाशी तिचं पहिलं लेकरू पुरलेलं होतं. मुलगा होता. बारशाच्या आधीच गेला, म्हणून त्याला नावही नव्हतं. त्याच्या दुसऱ्याच पावसाळ्यात गाव बुडालं. लोकांनी देव उचलून नेले, तिला लेकरू नेता आलं नाही. असल्या लेकराच्या नावानं पाणी ठेवायची रीत नाही, हे तिला सासूनं एकदा सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि लोटी नेतच राहिली. पुंजाराम तेव्हा जोत्यावर बसून असायचा. धुऱ्यापर्यंत तो सहसा जात नसे. ती परत आली की विचारायचा, "झालं काय?" ती म्हणायची, "झालं." या विषयावर नवराबायकोचं वर्षभरात एवढंच बोलणं व्हायचं.

पुंजाराम निवृत्त झाला, आणि काही वर्षांतच मशीनचंही वय झालं. सुटे भाग मिळेनात. तेवढ्यात धरणाचं पाणी शहराला पिण्यासाठी न्यायची योजना मंजूर झाली. वीजघर बंद होणार, पाणी पाइपानं वरूनच उचलणार, अशी कुणकुण होती. पण सरकारी कामाची कुणकुण म्हणजे आज उठली आणि नातवाच्या लग्नाला पोचली. कोणी मनावर घेतलं नाही.

यंदा गुढीपाडवा झाल्यावर उपअभियंता मनोज तायडे मोटरसायकलवरून पुंजारामच्या अंगणात आला. तरुण होता, अकोल्याचा, बोलायला गोड.

"भाऊ, मशीन बंद करायचा आदेश आला," तो म्हणाला. "पण गुपचूप कुलूप लावायचं नाही. कार्यक्रम करू. अमरावतीहून मोठे पाहुणे येतील. मशीन शेवटचं तुमच्या हातानं फिरवायचं आणि तुमच्याच हातानं थांबवायचं."

"माह्या हातानं?"

"तुमच्याच. तुम्ही होता तोवर ते कधी रुसलं नाही म्हणतात."

हे ऐकून पुंजारामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं मैनाबाईला चहा टाकायला सांगितलं, आणि साखर जरा सढळ हातानं टाक असंही सांगितलं.

चहा पिता पिता मनोजनं खरी अडचण काढली. पाहुण्यांनी दिलेली तारीख आखाजीनंतरची होती. पाळी नेहमीसारखी आखाजीआधी सोडली तर कार्यक्रमाच्या दिवशी मशीन फिरण्याइतकं पाणीच उरणार नव्हतं.

"पाळी कार्यक्रमापर्यंत धरून ठेवता येईल," मनोज म्हणाला. "पण तुमच्या गावाची आखाजी आहे, मला माहीत आहे. म्हणून तुम्हाला विचारायला आलो. तुम्ही हो म्हणालात तर धरतो. नाही म्हणालात तर मशीन न फिरवताच कार्यक्रम उरकू. शाल-नारळ तर आहेच."

नुसतं शाल-नारळ. पुंजारामच्या डोळ्यांपुढे बंद पडलेलं, धूळ खात पडलेलं मशीन आलं आणि त्याच्यापुढे शाल पांघरून उभा असलेला तो स्वतः. ते चित्र त्याला सोसवेना.

"ठेवा धरून," तो म्हणाला. "कार्यक्रम झाला का पाळी सोडानच ना?"

"सोडू की. पाळी कुठे जाते?"

मनोज गेल्यावर मैनाबाई कपबश्या उचलायला आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

"आखाजी त तवर निंगून जाईन," ती म्हणाली.

"जाऊ दे ना. पितर का पंचांग पाहून येतात? पंधरा दिवसानं पाणी उतरन, मंग भरू घागर."

"अन् धुऱ्यावरचं?"

"तेबी मंगच."

"पाणी सोडलंच नाई त?"

"मी हाव ना," पुंजाराम म्हणाला.

तिनं कपबश्या विसळल्या आणि पालथ्या घातल्या. पुंजारामला वाटलं, बाईला पटलं. निदान त्यानं तसं वाटून घेतलं, कारण त्याला तसंच वाटायला हवं होतं.

गावात त्यानं स्वतः फिरून सांगितलं. सरपंच बेबीताई म्हणाल्या, "आपल्या गावच्या मानसाचा सत्कार हाये. एका साली आखाजी मागंपुढं झाली त काय बिघडते?" लोकांनीही माना डोलावल्या. कालव्याखालचे संत्र्यावाले तेवढे कुरकुरले, पण त्यांची कुरकुर गावाला सवयीची होती. आखाजीच्या सकाळी गावात पहिल्यांदाच कोणी घागर घेऊन निघालं नाही. बायका उगाच दारात येऊन धरणाच्या भिंतीकडे पाहायच्या आणि आत जायच्या. मैनाबाईनं स्वयंपाक रोजचाच केला. घागर तिनं घासूनपुसून कोपऱ्यात ठेवली.

कार्यक्रमाच्या दिवशी वीजघरासमोर मांडव पडला. पुंजारामनं लेकीनं घेतलेला पांढरा सदरा घातला होता आणि तो मंडळी जमायच्या कितीतरी आधी मशीनशी जाऊन बसला होता. बेरिंगमध्ये तेल पाहिलं, पितळी चाकाला फडकं मारलं. पाहुणे आले, हार झाले, आणि मनोजनं खूण केली. पुंजारामनं आधी भोंगा वाजवला. आज त्याला कोणी टोकणार नव्हतं, तेव्हा त्यानं तो मनसोक्त वाजवला. मग पाण्याची झडप हळूहळू उघडली. मोठ्या नळातून पाणी घरघरत आलं, पायाखालची फरशी थरथरली, काटा डुगडुगत वर चढला आणि पाटीवरचा दिवा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुंजारामचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोला, आपल्या लग्नातही तो इतका सुखावला नसेल.

मशीन फिरत असतानाच बाहेर भाषण सुरू झालं. पुंजारामला दारात खुर्ची दिली होती, खांद्यावर शाल होती, आणि कानात मशीनचा आवाज भरून राहिला होता. पाहुणे माइकवर म्हणाले, "आजपासून निरगुड्याचा थेंब न थेंब शहराच्या तहानेसाठी राखून ठेवला आहे. यापुढे कालव्याला पाणी नाही, कारण शेतीपेक्षाही आधी माणसाची तहान." मोठ्या टाळ्या पडल्या. पुंजारामनंही वाजवल्या. शाल खांद्यावरून घसरली, ती एका हातानं सावरून त्यानं पुन्हा वाजवल्या.

मग मनोज आत आला आणि म्हणाला, "भाऊ, करा बंद." पुंजारामनं झडप फिरवून मिटली. मशीन मंद मंद होत थांबलं. कान मोकळे झाले, आणि मघाशी टाळ्या वाजवल्या ते वाक्य तेव्हा कुठे त्याला ऐकू आलं.

"साहेब," तो म्हणाला, "पाळी?"

मनोजनं मान खाली घातली. "भाऊ, मलाही आज सकाळीच आदेश मिळाला. पाळी होणार नाही. आता कालव्याच्या दाराला सील लावायचंय."

"तुमी शब्द देल्ला होता."

"दिला होता. माझ्या हातात होतं तेव्हा दिला होता."

"पंधरा दिवस सोडा फक्त. गावाची घागर भरून होऊ द्या. मंग लावा सील."

"माझी नोकरी जाईल, भाऊ. आणि यंदाचंच नाही. पाणी आता बाराही महिने वरच राहणार. जुनं गाव आता उघडं पडायचं नाही."

पुंजाराम बाहेर आला. मांडवात जेवणाच्या पंगती बसत होत्या. बायकांच्या बाजूला त्यानं मैनाबाईला शोधलं. ती नव्हती. बेबीताई म्हणाल्या, "भाषन चालू होतं तवाच उठून गेली." म्हणजे तिला तेव्हाच समजलं होतं. आणि दारात बसून टाळ्या वाजवणारा आपला नवराही तिनं पाहिला होता.

घरी ती चुलीशी होती. पुंजाराम दारातच थांबला. शाल काढून कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

"मैना, मले काय मालूम होतं..."

"कोनालेच मालूम नोयतं. जेवून घ्या."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. गाव भांडलं असतं तरी बरं झालं असतं. पण लोकांनी त्याला बोल लावला नाही. सगळ्यांनीच माना डोलावल्या होत्या, आता कोण कोणाला बोलणार? संध्याकाळी पारावर विषय निघाला तेव्हा पुंजारामला पाहून लोक पावसाचं बोलायला लागले. त्याला सारखं एकच डाचत होतं. त्याला विचारलं होतं. आयुष्यात सरकारनं पहिल्यांदा त्याला काही विचारलं होतं. धरण बांधताना नाही विचारलं, गाव उठवताना नाही विचारलं, मळा नेताना नाही विचारलं. या एका वेळी विचारलं आणि त्यानं नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर पाणी आखाजीच्या आत उतरलं असतं. गावाला शेवटचा निरोप घेता आला असता. मैनाबाईला धुऱ्यावर बसून काय सांगायचं होतं ते सांगता आलं असतं. हे सगळं त्यानं एका सत्कारासाठी घालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भोयाच्या जानरावकडे गेला. जानरावचा मासेमारीचा डोंगा होता. मग घरी येऊन तो मैनाबाईला म्हणाला, "चाल. डोंग्यानं जाऊ. वरून त वरून."

ती लगेच उठली नाही. बराच वेळ हातातलं निवडणं निवडत राहिली. मग तिनं लोटी भरून घेतली आणि डोक्यावर पदर घेतला. घागर घेतली नाही.

जानराव डोंगा वल्हवत होता, दोघं समोरासमोर बसली होती. मैनाबाईनं लोटीवर तळहात ठेवला होता, पाणी हिंदकळू नये म्हणून. भिंत मागे राहिली. ऊन तापायला लागलं होतं आणि वारा सुटला होता. पुंजाराम मान वळवून वळवून पाहत होता. जमीन उघडी असताना इथं सगळं काही असायचं. नदीचं वळण, मारुतीचा ओटा, आमराईची खोडं, मग आपला मळा. आता सगळीकडे एकसारखं पाणी होतं.

"अथीच कोठीतरी असन," तो म्हणाला.

"कोठीतरी नोका सांगू," मैनाबाई म्हणाली.

"वैनी, थांबवू काय?" जानरावनं विचारलं.

"कोठी थांबवतं, भाऊ? जमिनीवरून मले डोये मिटून सापडते. पाण्यावरून नाई सापडत." ती पाण्याकडे वळली. "नाव ठेवलं असतं त हाक त मारली असती."

जानरावनं वल्हं वर उचललं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. डोंगा आपोआप थोडा वळला. मैनाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणून पुंजारामला ती झेलवेना.

"तुमी सांगा," ती म्हणाली. "तुमी सारी जिंदगी पाण्यावर काढली. कोठी वतू?"

पुंजारामनं पाण्याकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. धुऱ्यावर तो सहसा गेलाच नव्हता. जोत्यावरून ते बाभळीचं खोड नेमकं कोणत्या अंगाला होतं, तेही त्याला आता धड आठवेना. मग त्यानं हात लांब करून बोट दाखवलं.

"हे पाह्य. अथी. बराबर अथीच."

"पक्कं?"

"पक्कं. मले पाण्याचा अंदाज हाये."

मैनाबाईनं दोन्ही हातांनी लोटी त्या जागी हळूहळू ओतली. ओठांत काहीतरी पुटपुटली. पुंजाराम खाली मान घालून बसला होता. लोटी रिकामी झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि ती पहिल्यांदाच जरा मोकळ्या आवाजात बोलली.

"मंग आता जागा ध्यानात ठेवजा. पुढच्या आखाजीले मले अथीच आनजा."

पुंजारामनं मान डोलावली आणि काही खूण सापडते का म्हणून डोळे वर केले. तोवर वाऱ्यानं डोंगा कितीतरी पुढे सरकला होता.